आधी त्याच्या तोंडानं

आपांच्या घरी भांडायला परवानगी लागत नसे. "चाय चढाई है, तब तक लडो," म्हणत त्या स्टोव्हला पंप मारायच्या. मुलींच्या शाळेत उर्दू शिकवणाऱ्या या बाईंकडं दर शुक्रवारी शहरातले लेखक, चित्रकार, प्राध्यापक जमत. उशिरा जायची कुणाची बिशाद!

अट एकच. ज्याला खोडायचंय, त्याचं म्हणणं आधी त्याच्या भाषेत, 'मी' म्हणून मांडायचं. मराठीवाल्यानं दखनीत, उर्दूवाल्यानं मराठीत. "पैले उसके मुँह से बोलो, फिर अपने मुँह से लडो." या अटीपायी भल्याभल्यांची भंबेरी उडायची, आम्ही हसून लोटपोट.

एकदा मात्र कुणी हसलं नाही. निजामाविरुद्धची पोलीस ॲक्शन होऊन फार वर्षं झाली नव्हती. पिशोरच्या विठ्ठलरावांनी रझाकारांच्या दिवसांवरची कथा वाचली. ती ज्या पुस्तकात येणार होती, त्याचं मुखपृष्ठ चित्रकार सलीमभाई करणार होते. ते म्हणाले, "तुमच्या गोष्टीत आमचा एकच माणूस आहे, आणि त्याच्या हातात बंदूक. मी नाही काढणार."

"म्या पाह्यलं तेच लिव्हलं!" विठ्ठलराव ताडकन उठून चपला शोधू लागले. पाठोपाठ आणखी चारजण उठले. ते गेले असते तर बैठक तिथंच फुटली असती, मराठीवाले एकीकडं, उर्दूवाले दुसरीकडं.

आपा दारात आडव्या उभ्या. "जाओ. पर पैले सलीम बनो."

विठ्ठलराव चपलेकडं बघतच बोलले, "मैं सलीम. फौज आई, उसके बाद हमारेच गाँव के लोगां अब्बा को ले गए. मय्यत बी नै मिली..."

सलीमभाई भिंतीकडं तोंड करून मराठीत म्हणाले, "मी विठ्ठल. रझाकारांनी माझ्या थोरल्या भावाला मळ्यातून नेलं. आई अजून त्याचं ताट वाढते."

चहा उकळून आटून गेला. कुणी गेलं नाही. विठ्ठलरावांनी कथेतला एकही शब्द बदलला नाही, पण मुखपृष्ठ सलीमभाईंनीच केलं. आणि पुढंही दोघं दर शुक्रवारी कडाकडा भांडत राहिले. काय बाई होती हो!

आपा गेल्या, त्यानंतरच्या शुक्रवारी आम्ही तिथंच जमलो. घर सुनं सुनं. एकजण हळूच म्हणाला, "आता ही बैठक बंदच करू या."

विठ्ठलराव उठले. स्टोव्हला पंप मारला, आधण ठेवलं आणि आमच्याकडं वळून म्हणाले, "मैं आपा. चाय चढाई है. लडो."

सलीमभाई ढसाढसा रडले. मग डोळे पुसून घसा खाकरत म्हणाले, "विठ्ठलराव, तुमची नवी कथा काही जमलेली नाही."