तळ्यातली काहील

निजामी जाऊन काही वर्षं झाली होती. गुऱ्हाळ संपलं की गूळ आटवायची आमची लोखंडी काहील तळ्यावर जायची आणि तिची होडी व्हायची. मी आणि माझा दोस्त निव्वळ हौसेनं तिच्यात बसून मधल्या पाण्यापर्यंत वल्हवायचो. त्याला पोहता येत नव्हतं. पाठीला वाळके भोपळे बांधून मीच त्याला शिकवलं. पुढं पोहता येतं म्हणूनच त्याला तळ्यावर सरकारी राखणदाराची नोकरी लागली. गावात गूळ वाटला तो मी.

मग फर्मान निघालं की परवान्याशिवाय पाण्यात काही घालायचं न्हाय. काहील जप्त करायला तोच आला. "लई धोका असतो," म्हणाला. मला पटलं. गाडीत चढवायला मीच हात लावला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तळ्याकडं गेलो, तर माझीच काहील पाण्यात! दोस्ताच्या खात्याचे साहेब, त्यांची बायको, मेव्हणे, लेकरं, सगळी कोंबून बसलेली. काठ पाण्याला टेकायला आलेला आणि एकाच्याही पाठीला भोपळा न्हाय. वल्हं त्या बेइमानाच्या हातात.

"अरे, बुडवशील लेकरांना!" मी काठावरून बोंबललो.

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं आणि साहेबांना ऐकू जाईल असा ओरडला, "ओ पाहुणे, कोण गावचे तुम्ही? पाण्यापासून लांब व्हा!"