भागीरथीआजी आणि बारा मीटरची बस

भागीरथीबाईंच्या दारात दोन गाड्या उभ्या असतात, आणि दोन्हींत बसायचा त्यांना मनापासून कंटाळा आहे. गाडी मागितली की मुलगा केतन विचारणार, कुठं, कशाला, किती वेळ? विचारतो प्रेमानेच, पण विचारतो. बसचं तसं नसतं. हात दाखवला की थांबते, आणि कशाला चाललात हे कंडक्टर विचारत नाही.

बंदराजवळच्या जासई गावाच्या टोकाला त्यांची आळी. तिथून सुटणाऱ्या छोट्या बसने त्या दर गुरुवारी कोपरखैरण्याला जातात, जयमालाबाईंकडे. जयमालाबाई मूळच्या साताऱ्याकडच्या, शाळेत क्लार्क होत्या, आता निवृत्त. सात वर्षांपूर्वी कंटेनरच्या रांगेत ही बस पाऊण तास अडकली, तेव्हा शेजारी बसलेल्या या दोघींची ओळख झाली ती अशी जमली की बस! आता बागेत बसायचं, एकीच्या डब्यातलं दुसरीने खायचं, सुनांची उणीदुणी काढायची आणि दुपारच्या बसने परत. घरी मात्र बाई एवढंच म्हणतात, "जरा जाऊन येते." नवरा गोटीराम यांनी त्यापुढे कधी काही विचारलं नाही. आठवड्यातला हा एक वार बाईंचा स्वतःचा होता आणि तो त्यांना फार प्रिय होता.

यंदा बातमी आली की शहरात नव्या विजेच्या बस येणार, सगळे मार्ग नव्याने आखणार, आणि ज्या बसला माणसं नाहीत ती बंद. त्यासाठी तीन दिवस मोजणी होणार होती. आळीतल्या बसला माणसं किती, तर सकाळी नऊ-दहा. त्यांतला एक जण ड्रायव्हर!

बस गेली तर भागीरथीबाईंचा गुरुवारही जाणार होता. पण त्या रडत बसणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनी घरोघर जाऊन बायकांना गोळा केलं. "तीन दिवस सगल्यांनी बसनं जायचं. काम असो का नसो."

मोजणीला निशिगंधा नावाची मुलगी आली. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र, स्वभावाने गोड. पहिल्याच फेरीला बस खच्चून भरली. वाटेत वाशीला उतरून बायकांनी नुसता चहा घेतला आणि परतीच्या बसला पुन्हा गर्दी केली. दुसऱ्या फेरीला त्याच बायका, फक्त साड्या बदललेल्या. तिसऱ्या दिवशी निशिगंधाने हळूच विचारलं, "आजी, तुम्ही सकाळच्या बसलाही होतात ना?"

"मंग? माजं गाव हाय. मी नसन तं कोन असन?"

मुलगी हसली आणि टॅबवर बोट दाबलं. तिचं काम चढलेली माणसं मोजायचं होतं, साड्या मोजायचं नव्हतं.

गंमत पुढेच झाली. या तीन दिवसांत बायकांना बाहेर पडायची चटक लागली. कुणाला वाशीत ब्लाऊज स्वस्त शिवणारी सापडली, कुणी माहेरच्या माणसांना भेटून आली, एकीने तर चक्क शिकवणी लावून इंग्रजी शिकायला घेतलं. महिनाभरात खोटी गर्दी खरी झाली. आणि बस बंद होणं राहिलं बाजूला, गर्दी पाहून साहेबांनी या मार्गाला छोटीऐवजी बारा मीटरची लांबलचक बस दिली!

सोमवारी ती आली. पांढरीशुभ्र, आत गारवा, पायरी इतकी खाली की गुडघेदुखीवाल्यासुद्धा टुणकन चढाव्यात. आवाज म्हणाल तर नाहीच. बायकांनी तिला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. मग ड्रायव्हर कृष्णात बस वळवायला गेला, आणि ती वळेचना.

बस वळायची जागा गोटीराम यांच्या घरासमोर. तिथे दोन वर्षांपूर्वी त्यांनी हौसेने फाटक बांधलं होतं, दोन जाडजूड खांब आणि खांबांवर जबडा उघडलेले सिमेंटचे सिंह. छोटी बस कशीबशी निघायची. कृष्णात उतरला, वाकून पाहिलं, हाताने मापं घेतली.

"दोन हात कमी पडत्यात, काका. आज मागं मागं घेतो. पण हे रोज जमायचं न्हाई. मला तर वाटतंय, बस आता नाक्यावरनंच परत फिरंल."

नाका म्हणजे अडीच किलोमीटर, तेही कंटेनरच्या चाकांच्या बाजूने. सगळ्या बायका सिंहांकडे पाहू लागल्या आणि गोटीराम आपल्या चपलांकडे.

केतन म्हणाला, "आई, टेन्शन कशाला? तुझ्यासाठी ड्रायव्हर ठेवतो."

"नको. गारी मागावी लागते." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "चालीस वर्सांत तुमच्याकरं काय मांगलं का मी? आज मांगते. ह्यो खांब मना द्या."

गोटीराम घरात निघून गेले. जेवले नाहीत. बाईंनीही आग्रह केला नाही.

मंगळवारी सकाळी ते पहार घेऊन बाहेर आले. खांबाभोवती एक फेरी मारली, एक डोळा मिटून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्यो तसा वाकराच झालता. गवंड्याला मी तवाच बोललो होतो." खांब ओळंब्यात सरळ होता हे अख्ख्या आळीला दिसत होतं, पण सगळ्यांनी माना डोलावल्या. केतन मदतीला आला. दुपारपर्यंत खांब गेला आणि एक सिंह तुळशीजवळ जाऊन बसला.

गुरुवारी बस ऐटीत आली आणि एका दमात वळली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. कृष्णातने दोनदा हॉर्न दिला, तो काही नियमात नसावा. भागीरथीबाई चढल्या. मागे वळून पाहतात तो इस्त्रीचा सदरा, टोपी, अशा थाटात गोटीरामही चढलेले!

"तुमी कशाला?"

"खांब माजा गेलाय. बस बघू तरी."

कंडक्टर आला. "कुठलं देऊ, काका?"

गोटीराम यांनी खिशातून पैसे काढले. आपली बायको इतकी वर्षं गुरुवारची कुठे जाते, हे आपल्याला माहीतच नाही, हे त्यांना आत्ता कळलं होतं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"ती उतरंल तिथलं दे," ते हळू आवाजात म्हणाले.

भागीरथीबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग सरकून त्यांना जागा दिली आणि कंडक्टरला म्हणाल्या, "कोपरखैरना. दोन."