नणंद, मी आणि गाडीचा स्टार्टर

आरे कॉलनीत नारळपाणी प्यायला थांबलो आणि नंतर गाडी चालूच होईना. किल्ली फिरवली की बॉनेटखाली नुसतं ‘टक्’ व्हायचं, पुढे काही नाही. मागच्या सीटवर सासूबाई, बाजूला माझी नणंद.

“थांब वहिनी, हॉर्न वाजव,” नणंद म्हणाली. खणखणीत वाजला. “आता हेडलाइट लाव.” तेही झगझगीत लागले. “मग बॅटरी ठीक आहे. स्टार्टर गेला असणार.”

ती कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये काम करते. करंटशी तिचा रोजचा संबंध, पण गाडीचं बॉनेट तिने जन्मात उघडलं नव्हतं. फोनवर चित्र शोधून तिने इंजिनाच्या पुढच्या अंगाला असलेला एक गोल डबा, म्हणजे स्टार्टर, ओळखला, टायरच्या पान्याने त्याला टपल्या मारल्या आणि मला म्हणाली, “फिरव.” गाडी चालू झाली.

“मारल्याबगर ऐकत नाय ती,” मागून सासूबाई म्हणाल्या.

टपल्यांवर किती दिवस काढणार? बोरिवलीतला आमचा नेहमीचा मेकॅनिक गावाला गेलेला, दुसरा सोमवारशिवाय हात लावणार नव्हता. आणि रविवारी संध्याकाळी सासूबाईंच्या थोरल्या बहिणीचा ऐंशीवा वाढदिवस होता, मुलुंडला. टॅक्सीने गेलो असतो, पण सासूबाईंनी बहिणीला फोनवर सांगून टाकलं होतं, “आमच्या गाडीन येतंय.” नवरा ऑफिसच्या कामाने नागपूरला होता, तिथून थेट मुलुंडला येणार होता.

“आपणच बदलू या ना,” नणंद म्हणाली.

मला वाटलं, ती गंमत करतेय. पण रविवारी सकाळी ती नवा स्टार्टर पिशवीत घेऊन आली, कलिंगड आणावं तसा कडेवर धरून. सासूबाईंची खुर्ची बिल्डिंगच्या कंपाउंडमध्ये सावलीत मांडली आणि आम्ही सुरुवात केली. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, “हात लावू नका. वाट लावाल गाडीची.” नणंदेने “आवाज तुटतोय रे” म्हणून फोन ठेवला.

आधी बॅटरीच्या वायरी काढल्या, निगेटिव्ह पहिली. बॅटरी उचलून बाजूला ठेवली, एअर फिल्टरचा मोठा प्लास्टिकचा डबा काढला, तेव्हा कुठे स्टार्टर नीट दिसला. त्याला एक जाड वायर थेट बॅटरीकडून आलेली आणि एक बारीक, किल्लीकडून. वरचा बोल्ट मुकाट्याने सुटला. खालचा हलेना. त्यावर गंज सोडवायचा स्प्रे मारला, चहा प्यायलो, मग पान्याच्या दांड्यात पाइप घालून दोघींनी मिळून जोर लावला. बोल्ट एकदम सुटला आणि आम्ही दोघी मागच्या मागे कुंड्यांवर बसलो. हसू आवरेना. सासूबाई विचारत होत्या, “लागला काय गो?” आणि आम्ही आणखीच हसत होतो.

जुना आणि नवा शेजारी ठेवून पाहिले. दाते सारखे, भोकं सारखी. “बसवायच्या आधी तपासू,” नणंद म्हणाली. तिने नवा स्टार्टर जमिनीवर ठेवला, वर बुटाचा पाय दाबला आणि जंपर केबलने त्याला बॅटरीचा करंट दिला. स्टार्टरने उसळी मारली, त्याच्या तोंडातून छोटं दातेरी चाक सटकन बाहेर आलं आणि गरगर फिरू लागलं. मी किंचाळले. तिने केबल काढल्याबरोबर चाक आत गेलं.

“कळलं?” ती म्हणाली. “हे बाहेर येऊन इंजिनाच्या मोठ्या चाकात अडकतं, त्याला फिरवतं. इंजिन स्वतःहून चालायला लागलं की हे मागे. आपल्या जुन्याला नुसतं टक् करता येत होतं, फिरायची ताकदच नव्हती.”

“परत दाखव,” मी म्हणाले. तिने दाखवलं. मग मी स्वतः केबल लावली. मग सासूबाईंना खुर्चीसकट जवळ आणलं.

बसवताना एक नट हातातून निसटून इंजिनात कुठेतरी पडला. मी लोहचुंबक दोरीला बांधून गळ टाकला आणि तो वर काढला, तेव्हा मला जे वाटलं ते बोर्डाच्या रिझल्टच्या दिवशीही वाटलं नव्हतं. सगळं जोडून झालं, निगेटिव्ह वायर शेवटी. किल्ली मी सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी आयुष्यात गाडी चालवली नव्हती. गिअर न्यूट्रलला आहे, हँडब्रेक ओढलाय हे बघून मी म्हणाले, “फिरवा, आई.”

इंजिन लगेच सुरू झालं. सासूबाईंनी घाबरून किल्ली तशीच धरून ठेवली, कर्रर्र आवाज झाला, “सोडा, सोडा” म्हणत नणंद खिडकीतून अर्धी आत शिरली. मग सासूबाईंनी गाडी स्वतः बंद केली, पुन्हा चालू केली, पुन्हा बंद केली. आम्ही दोघी एकमेकींना धरून नाचत होतो, काळ्या हातांचे ठसे एकमेकींच्या पाठीवर.

ते काळे हात कितीही घासले तरी निघाले नाहीत. पैठण्या नेसून तशाच मुलुंडला गेलो. नवरा खालीच उभा होता. त्याने गाडी पाहिली, आमचे हात पाहिले आणि बॉनेट उघडायला पुढे झाला.

“नंतर बघ रे,” सासूबाई म्हणाल्या. “आधी माझ्या भैणीक खाली घेऊन ये. एक फेरी मारून येतंव.”

मावशींना पुढे बसवलं आणि आम्ही चौघी बायका निघालो. केक वरच राहिला.