बिहागातला रिषभ

काल संगीत विशारदच्या मुलींना अल्पत्व शिकवत होतो. बिहाग रागात वरून खाली उतरताना रिषभाला, म्हणजे 'रे'ला, नुसता स्पर्श करायचा, त्यावर थांबायचं नाही.

"सर, थांबायचंच नाही, तर तो ठेवायचा कशाला?" एकीने विचारलं. बाकीच्या हसल्या.

तेवढ्यात अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची आतून हाक आली, "अरे, जरा येतोस?"

"आलो, अण्णा," म्हणालो आणि तंबोरा छेडत राहिलो.

त्यांच्याकडे रोज जातो मी. औषध देतो, चादर सारखी करतो, निघतो. बसत नाही. आता सांगूनच टाकतो, त्यांच्या अंगाचा वास मला सोसत नाही. एका घरात राहूनही माणसाला असं ओझरतं ठेवता येतं.

विचारणाऱ्या मुलीला म्हणालो, "तो गाळला, तर बिहाग बिहाग राहत नाही गं."

आतून दुसरी हाक आली नाही.