नव्या तांदळाचा भात

आमची थोरली लेक आठ वर्षांची झाली तरी तिला भरवावं लागे. जन्मताना मेंदूला इजा झाली, त्यामुळे हात तिचं ऐकत नसत. जीभ मात्र चांगलीच ऐके. कर्जतच्या शाळेचे हेडमास्तर तिला घ्यायला तयार होते, पण अट एकच: मधल्या सुट्टीत डबा तिचा तिनं खायचा. जूनपर्यंत मुदत होती.

मुंबईच्या इस्पितळातल्या व्यायामाच्या बाई म्हणाल्या होत्या, "रोजचं जेवण हाच तिचा व्यायाम. कोपर टेकलेलं हवं, ताट हलता कामा नये, आणि घाई करू नका." मी फूटपट्टी घेऊन बसलो. चौरंग तिच्या कोपराच्या उंचीचा केला, ताटाखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला, चमच्याच्या दांड्याला सुतळी गुंडाळून तो चांगला इंचभर जाड केला.

"बाबा, तुम्ही चमच्यानं जेवता?"

"नाही."

"मग मीच का?"

चमचा राहिला. हातानं सुरू झालं, पण घास तोंडाशी जाईपर्यंत बोटांत दोन शितं उरत, बाकीची मांडीवर. "कोंबड्यांची चैन आहे," ती म्हणे. मी पुन्हा चौरंग मोजायचो.

मार्गशीर्षात पळसदरीला माझ्या धाकट्या बहिणीकडे गेलो. ताट वाढताना ती ओशाळलीच.

"जुना तांदूळ सपला रं दादा. नवाच शिजवलाय. पोरीला असला चिकट भात वाढायची लाज वाटतं."

आमच्याकडे लाडक्या माणसाला जुन्याचा मोकळा, शीत न् शीत सुटा भात वाढायचा. नवा आपण घरच्यांनी खायचा. लेक तर सगळ्यांत लाडकी, तेव्हा आमच्या घरी तिला कायम जुनाच.

तिनं बोटं भातात रोवली. चांगला गोळा झाला. हात डुगडुगत वर गेला, नाकाला लागला, गालाला लागला आणि शेवटी तोंडात शिरला. गोळा फुटला नव्हता.

"आत्ते, वाढ गं अजून. बाबांचा मोकळा भात बाबांनाच लखलाभ."

बहीण मला म्हणाली, "पट्टीनं भात पण मोजायचास ना रं!"

त्यानंतर आम्ही तिच्यापुरता नवा तांदूळ वेगळा ठेवला. पुढे तांदूळ जुना होत भात सुटा होऊ लागला तसं बायको पाणी वाढवू लागली. सांडायचंच, पण पोट भरायचं.

जूनमध्ये पहिल्या मधल्या सुट्टीत मी वर्गाच्या दाराआड उभा राहिलो. हेडमास्तर आत, तिच्या डब्यासमोरच. तिचा हात नेहमीपेक्षा जास्त हलत होता.

"सर, तुम्ही बघता म्हणून हात हलतोय. तुम्ही तुमचा डबा खा ना."

हेडमास्तर बाहेर आले आणि मला पाहून थांबले.

"अहो, तिनं मला घालवलं. तुम्ही कसले उभे राहताय? चला."