मास्तरांना विकायची नव्हती ती गाडी

निवृत्तीच्या निरोपसमारंभात कुणीतरी विचारलं, "सिस्टर, आता पुढे काय?"

"मोटरहोम घेणार," त्या म्हणाल्या, आणि सगळे हसले. हाडांच्या वॉर्डात उभी हयात काढलेली बाई. गल्लीतली माणसंसुद्धा त्यांना सिस्टरच म्हणायची. त्या गाडीत बिऱ्हाड करून हिंडतील हे कुणाच्या डोक्यात शिरेना.

घरी मोठी बहीण होती. गुडघ्यांनी बेजार, पण जीभ ठणठणीत. "चाकं लावलेलं कपाट घेणार म्हण की सरळ," ती म्हणाली. "त्यात मला कुठल्या कप्प्यात ठेवणार आहेस?"

"ताई, तुझ्यासाठीच घेतेय. हॉटेलचे जिने तुला झेपत नाहीत, म्हणून तू कुठे येतच नाहीस."

ताईने गुडघ्यावरून हात फिरवला. "मग पायरी तरी बुटकी बघ," ती म्हणाली. 

गावाच्या टोकाला राहणाऱ्या, गणित शिकवून निवृत्त झालेल्या एका मास्तरांनी आपली गाडी विकायला काढली होती. बायको गेल्यापासून ती कुंपणाशी उभीच होती. सिस्टर बघायला गेल्या, तर नमस्कार व्हायच्या आतच मास्तर म्हणाले, "आधीच सांगतो, ही घेऊ नका."

"का हो?"

"टायर बघा. नक्षी कशी नवीकोरी दिसते! त्याला भुलायचं नाही. हे टायर चालून झिजलेले नाहीत, उभ्याउभ्या म्हातारे झालेत. टायर कधी बनला ते त्याच्या अंगावरच छापलेलं असतं, ते वाचायचं. आणि इंजिन गार असतानाच सुरू करून बघायचं. आपण पोचायच्या आधीच कुणी तापवून ठेवलं असेल, तर काहीतरी लपवालपवी आहे असं समजायचं."

मास्तरांनी किल्ली फिरवली. गार इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. मास्तरांचा चेहरा मात्र पडला.

सिस्टरांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा ताई म्हणाली, "हा माणूस गाडी विकतोय की गिऱ्हाईक हाकलतोय?"

सिस्टरांना मात्र त्याचं नवल वाटलं नाही. गेलेल्या माणसाचे कपडे पिशवीत भरणारे आणि दारापर्यंत जाऊन परत बाहेर काढणारे नातेवाईक त्यांनी वॉर्डात पुष्कळ पाहिले होते.

पुढच्या खेपेला त्या ताईला घेऊन गेल्या. मास्तर उत्साहात होते. "झोपून बघा, लाजू नका. लोक गाडी उभ्याउभ्या बघतात आणि राहायची वेळ आली की आडवे होतात. मग कळतं, पाय मावत नाहीत. संडासात दार लावून बसा. ओट्यापाशी दोघी एकदम उभ्या राहा, धक्काबुक्की होतेय का बघा."

पलंग ड्रायव्हरच्या डोक्यावर होता, शिडीने चढायचा. ताईने मान वर करून पाहिलं. "चढेन एक वेळ. पण उतरवायला बंब बोलवावा लागेल."

मास्तर मोकळेपणाने हसले. मग म्हणाले, "आता सगळ्यात महत्त्वाचं. भिंती दाबायच्या. खिडकीखाली, छताच्या कोपऱ्यात. कडक लागली तर ठीक. बोट आत गेलं तर पाणी मुरलंय, आतलं लाकूड कुजलंय. यापेक्षा वाईट दुखणं या गाड्यांना नाही. आमच्या गाडीत मात्र ते नाही हं. हवं तिथे दाबा."

सिस्टर दाबत गेल्या. मागच्या खिडकीपाशी विणलेल्या अभ्र्यांच्या उशा रचलेल्या होत्या. त्यांनी त्या अलगद बाजूला केल्या. बोट भिंतीत लोण्यात जावं तसं गेलं.

"मास्तर, इथे हात लावून बघता का?"

मास्तरांनी दाबलं. पुन्हा दाबलं. वर्गात चुकलेलं उत्तर तपासावं तसं पुन्हा एकदा दाबलं. "ही तिची बसायची जागा," ते म्हणाले. "उशा मी कधी हलवल्याच नाहीत."

मास्तर तिथेच टेकले. सिस्टर त्यांच्या शेजारी बसल्या. "बरं होण्यासारखं आहे हे. पण आता उघडायला हवं."

"म्हणजे तुम्ही घेणार नाही."

"मी घ्यायला निघाले असते तरी तुम्ही दिली असतीत का?"

 मास्तरांनी डोळे पुसले. "नसती दिली," ते म्हणाले. "चला, तुमच्यासाठी दुसरी बघू. मी येतो बरोबर."

आणि ते खरोखरच आले. प्रत्येक विक्रेत्याच्या आवारात भिंती दाबत, गाडीखाली वाकून बघत ते फिरायचे. त्यांना येताना पाहून विक्रेते सुस्कारे टाकू लागले. "कागदावरचं वजन रिकाम्या गाडीचं असतं," मास्तर बजावत. "त्यात पाणी, भांडी, अंथरुणं आणि तुम्ही दोघी धरायच्या. तेवढं वजन गाडीला सोसतं का आणि तुमच्या लायसन्समध्ये बसतं का, ते आधी बघायचं."

"माझं वजन अंदाजानेच धरा," ताई म्हणाली.

सिस्टरांना एक ऐसपैस गाडी फार आवडली होती. मास्तरांच्या आग्रहावरून तशीच एक आधी भाड्याने आणली, तर ती त्यांच्या गल्लीच्या वळणावरच अडकली. शेजाऱ्यांनी ढकलाढकली, आरडाओरडा करून ती मागे काढली. शेवटी सिस्टरांनी लहान, जुनी, पण कोरड्या भिंतींची गाडी घेतली. पलंग खाली, पायरी बुटकी.

तोवर मास्तरांनी सुताराला हाताशी धरून आपल्या गाडीची भिंत उघडली होती. कुजकं लाकूड काढलं, नवं बसवलं. अभ्रे स्वतः धुऊन वाळत घातले. 'विकणे आहे'ची पाटी कधी उतरली ते कुणाला कळलंही नाही.

बहिणी पहिल्यांदा गेल्या त्या एका तळ्याकाठी. नळाला धार नाही, गादी टोचते, चहा धुरकट लागतो, अशी ताईची कुरकुर वाटभर चालली होती. सकाळी सिस्टर जाग्या झाल्या तर शेजारचं अंथरूण रिकामं. त्या घाबरून दारात आल्या. ताई काठी टेकत एकटीच पाण्यापर्यंत गेली होती आणि तिथल्या दगडावर बसून कुणा मासे धरणाऱ्याशी गप्पा मारत होती.

"अगं, सांगायचं तरी!" सिस्टर ओरडल्या.

"तू घोरत होतीस," ताई म्हणाली. "हे म्हणतायत, पुढे याहून मोठं तळं आहे. कधी निघायचं?"