खटखटणारी मोटार

मंडळी, आज मी मोटार घेतली. जुनी, पण दोन सीटची, शर्यतीत पळवायची. कॅम्पातला गोरा साहेब कायमचा विलायतेला निघालाय, म्हणून ती आमच्या ऐपतीत बसली.

साहेबानं आधीच सांगितलं, "इंजिन खटखटतं, म्हणून स्वस्त देतोय."

माझे आप्पा जन्मभर वडगावात हातमागावर बसलेले. ते उलट खूश झाले. "वाजू दे की रं. माग खटखटतोय तवर काळजी न्हाय. गप झाला की घोर."

वडगावच्या वेशीतच मोटार गप झाली.

गल्लीतले विणकर माग सोडून ढकलायला आले, त्यामुळं सगळी गल्लीच गप. मी मात्र ऐटीत चाक धरून बसलो होतो. आप्पा मागून ढकलत हसत होते.

तुमच्यात कुणी हे इंजिन परत खटखटवून देईल काय?